डावीकडचा आवाज

"पुढून येतो. डावीकडून," बायको म्हणाली.

"काय येतं?" मी विचारलं.

"आवाज. खड्ड्यात गेलं की टक् करतं."

मी माझ्या बाजूची काच खाली केली, डोकं जरा बाहेर काढलं आणि पुढच्या खड्ड्यात गाडी मुद्दाम हळूच घातली. मला काही ऐकू आलं नाही. तसं मी तिला सांगितलं, आणि वर हेही ऐकवलं की वीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला आवाज शिकवू नकोस. ती खिडकीबाहेर बघू लागली.

गाडी घेतली तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. तिची जी दशा झाली ती आधीच्या मालकांनी आणि भिवंडीच्या रस्त्यांनी केली. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. माझ्याकडे स्कूटर होती, मला गाडीचं वेड कधीच नव्हतं. घेतली ती बायकोसाठी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, आणि चौथ्या महिन्यात एकदा थोडं रक्त गेलं. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे. झोपून राहायचं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रिक्षात तर बसायचंच नाही. दर पंधरा दिवसांनी तपासायला यायचं ते गाडीतून, आणि तेही हळू. पुन्हा रक्त दिसलं तर वाट बघायची नाही, तडक इकडे आणायचं. बाई हे अगदी शांतपणे सांगत होत्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आम्ही भिवंडीत टेमघरला राहायचो. तिथून कल्याणला जायचं म्हणजे कोन गावावरून, आणि तो रस्ता त्या वर्षांत ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यात खड्डे होते असं म्हणणं म्हणजे रस्त्याची भलामण करण्यासारखं आहे. एकेका खड्ड्याला मी तिच्या पोटाकडे बघायचो. ती हँडलला धरून दात आवळून बसलेली असायची, आणि माझी नजर वळली की लगेच हसायची. त्या हसण्याची मला जास्त भीती वाटायची.

गाडी गॅरेजला टाकावी असं कोणीही म्हणेल. मी गेलो होतो. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकावर लाथ घातली आणि म्हणाला, "सस्पेन्शन पूरा खोलना पड़ेगा. तीन दिन छोड़ के जाओ." तीन दिवस! तीन दिवसांत मधेच काही झालं तर तिला काय खांद्यावर टाकून नेऊ? गाडी दारात हवी, पेट्रोल भरलेली, तोंड रस्त्याकडे करून. मी तशीच लावायचो. झोपायच्या आधी एकदा चालू करून बघायचो आणि पहाटे उठून पुन्हा एकदा. आई म्हणायची, "बाला, किती येला चालू करशील? उगाच तेल जालतस." पण मला त्याशिवाय चैन पडत नसे. म्हणून ठरवलं, काम घरीच करायचं, एका वेळी एकच चाक खोलायचं, आणि ते त्याच दिवशी पुन्हा बसवायचं.

मी जॉबर. म्हणजे कारखान्यातल्या यंत्रमागांचा मिस्त्री. चोवीस माग माझ्या हाताखाली होते, घरासमोरच्याच छपरात. सोळाव्या वर्षी शिरलो तो तिथलाच झालो. माग बिघडला की कारागीर मला हात करायचा, मी जायचो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावायचो, मूठ डोक्याला लावायचो, आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचो. आजूबाजूच्या कारखान्यांतूनही मला बोलावणी यायची. जॉबरचा कान म्हणून माझं नाव होतं आणि मी ते मिरवतही होतो. ती मूठ कानाच्या भोकाऐवजी कानामागच्या हाडाला मी कधीपासून टेकवू लागलो, ते मात्र मला आठवत नाही. हाडातून चांगलं कळायचं, म्हणून टेकवत होतो.

घरी काम करायला वार मिळायचा तो शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीत माग बंद असतात. सहा दिवस जो खडखडाट भिंतीतून, पाण्याच्या हंड्यातून, अंथरुणातूनसुद्धा येत राहतो तो एकदम थांबतो, आणि गावात कोंबडा आरवतो हेही त्याच दिवशी समजतं. गाडीचा आवाज शोधायचा तर शुक्रवारीच, दुसऱ्या दिवशी काही ऐकू यायची सोयच नाही.

पहिल्या शुक्रवारी मी आईला कामाला लावलं. तिने जन्मभर भात लावलेलं, साठीतही दंडात ताकद. ती गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबायची आणि सोडायची, आणि मी खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हर लावून बघायचो. बायको दारात खाटेवर पडून होती. तिने तिथूनच सांगितलं, "अहो, पुढचं डावं दाबलं की येतो." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझ्या मुठीला दणका लागला होता मागच्या उजव्या बाजूला, आणि मुठीने मला वीस वर्षांत कधी फसवलं नव्हतं. मागचं चाक काढलं. शॉकपचं, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं, रबर खरोखरच झिजलेलं निघालं, त्यामुळे माझी कॉलर ताठ झाली. नवं रबर आणायला बाजारात जायचं तर तेवढा वेळ गाडी उघडी राहिली असती, म्हणून मागाच्या धोट्याला जिथे धक्का बसतो तिथलं जुनं जाड चामडं कापून मी त्याचं बुश केलं. मागावर ते दिवसभर हजारो दणके खातं, इथे खाणार नाही का? चाक बसवलं, गाडी आवारात मागे-पुढे केली आणि जाहीर केलं, "गेला आवाज."

"अजून येतोय," बायको म्हणाली.

"तुझ्या मनात बसलाय तो."

"मनात कसा बसेल? आईंनाही येतोय."

आईने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि काही न बोलता पाणी आणायला आत गेली. आई अशी गप्प बसली की समजावं, आपण हरलो आहोत. पण मला ते त्या दिवशी समजून घ्यायचं नव्हतं.

मंगळवारी तपासणी होती. कोनच्या अलीकडे एका लांबट खड्ड्यातून गाडी वर आली आणि बंद पडली. एकदम मेली, दिवा नाही, हॉर्न नाही. मागून ट्रक येत होते, हॉर्नवर हॉर्न. बायकोने पोटावर दोन्ही हात ठेवले होते. मी डॅशबोर्डखाली घुसलो तर काचेचा फ्यूज उडालेला. जवळ दुसरा नव्हता. खरं तर असता तरी मी तेच केलं असतं जे केलं. कारखान्यात वीज दिवसातून दहा वेळा जायची-यायची, दर वेळी फ्यूज उडायचा, माग थांबायचे आणि मालक बोंब मारायचा. म्हणून आमच्याकडे चिनीमातीच्या फ्यूजमध्ये तारेचे दोन पदर जास्त घालायची रीतच होती. फ्यूज उडता कामा नये, बस्स. कशासाठी उडाला हे विचारायला कोणाला फुरसत होती? मी एका वायरीतून तांब्याचे चार-पाच धागे काढले, फ्यूजभोवती गुंडाळले, दाबून बसवले, आणि गाडी चालू झाली. बायकोला म्हटलं, "बघ, दोन मिनिटांत." तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी तपासून सांगितलं, बाळ ठीक आहे, पण जपा. त्या 'पण'ने माझी झोप गेली.

दोन दिवसांनी आवारात गाडी चालू करून बघत असताना बायको दारातून ओरडली की जळका वास येतोय. मला वासही आला नव्हता. बोनेट उघडलं तर धूर. बॅटरीची वायर मी हिसडूनच काढली, हाताला चटका बसला. फ्यूज उडायचा होता तेव्हा मी त्याला उडू दिलं नव्हतं, म्हणून वायर जळत होती. गाडीत ती बसलेली असती तर, हा विचार आला आणि मी तिथेच मातीत फतकल मारून बसलो. मी रागावलो होतो, आणि नेहमीप्रमाणे राग काढला तो आईवर. बादली मधे का ठेवलीस म्हणून.

मग वायर हाताने चाचपत गेलो. डाव्या पुढच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, ती सोललेली होती. तिथला प्लास्टिकचा पत्रा कधीच तुटून पडला होता आणि मोठ्या खड्ड्यात चाक वर आलं की टायर वायरीला घासत होता. मी नवी वायर जोडली, वर बांधली, दोनदा टेप मारली, बाजारातून बरोबर नंबरचे सहा फ्यूज आणून ठेवले. काम नीट झालं होतं. फक्त डावं चाक इतकं वर येतंच का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. फ्यूज का उडाला हे जसं विचारलं नव्हतं, तसंच हेही.

दुसऱ्या शुक्रवारी बायको पुन्हा म्हणाली, "पुढचं डावं बघा." सातवा महिना लागला होता. ती विनवणी करत नव्हती, सांगत होती. मी म्हणालो, "डावीकडे कालच हात घातलाय मी, सगळं बघितलंय." पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावला, पुन्हा मूठ हाडाला, आणि मुठीने सांगितलं पुढचं उजवं. पुढे महिन्याभराने त्याच गॅरेजवाल्याने गाडी खोलली तेव्हा डावंच निघालं; शॉकप वरून मोडला होता, तिथून दणका लोखंडी दांड्यातून उजवीकडे पोहोचत होता. हाडाला फक्त दणका कळतो, तो कुठून निघाला हे कानालाच कळतं. हे आज मी असं सहज लिहितो आहे. त्या दिवशी मी उजवं चाक काढलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मागांच्या खडखडाटात कोणी ओरडून बोलत नाही, घसा फाटला तरी उपयोग नसतो. तिथे माणसं ओठ वाचतात. समोरच्याचं तोंड दिसलं की पुरे, गप्पासुद्धा होतात. ही सवय घरी येते. बायको समोर उभी राहून बोलली की मला प्रत्येक शब्द समजायचा, आणि म्हणून मला वाटायचं की मला ऐकू येतं. पाठीमागून किंवा आतून काही बोलल्यासारखं वाटलं की मी "हां, हां" म्हणायचो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

दुपारचा एक वाजून गेला होता. पुढचा उजवा भाग विटांच्या थप्पीवर, चाक बाजूला, शॉकप काढून गोणपाटावर ठेवलेला. मी गाडीखाली पाठीवर झोपून एका गंजलेल्या नटाशी झगडत होतो. आतून काहीतरी आल्यासारखं वाटलं. "हां, हां," मी म्हणालो. जरा वेळाने पुन्हा वाटलं. "हां, आलो," मी म्हणालो आणि पान्याला पाइप लावला. नट हलत नव्हता आणि तो हलवल्याशिवाय मला दुसरं जग नव्हतं.

मग कोणीतरी माझे दोन्ही पाय धरून ओढले. आई होती. ती मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली होती. तिचं तोंड मला वरून उलटं दिसलं, तरी ओठ वाचता आले.

"ती कवाची हाका मारते! तू हां हां करतस आन येत न्हायस! रगत जातंय तिला!"

आत ती भिंतीला धरून बसली होती. खालची चादर भिजली होती. मला बघून ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही आलो म्हणालात, म्हणून मी थांबले."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढची पाच मिनिटं मी वेड्यासारखा धावलो. आधी गाडीकडे गेलो, जणू चाक आपोआप बसलं असेल. शॉकप उचलला, परत ठेवला. बसवायला घाई केली तरी पाऊण तास. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या ताबडतोब आणा. कशातून आणू, हे त्यांना काय सांगणार? नाक्यावर पळालो, तर जुम्म्याची नमाज, एकही गाडी नाही, गॅरेज बंद. परत आलो तेव्हा कारखान्याच्या दारात टेम्पो उभा दिसला. आदल्या दिवशी कापडाच्या ताग्यांनी भरून ठेवलेला, शनिवारी प्रोसेसला, म्हणजे रंगाईला, जायचा होता. त्याचा ड्रायव्हर नुकताच नमाज पढून येऊन टोपी घडी करून खिशात ठेवत होता. मी काय बोललो मला आठवत नाही. त्याने माझे काळे हात बघितले, विटांवरची गाडी बघितली आणि म्हणाला, "भाई, वो गाड़ी रहने दो. भाभी को पीछे माल पे लिटाओ. भरी गाड़ी है, झटका नहीं लगेगा."

आम्ही तिला चादरीत धरून उचललं. वरचे काही तागे उलगडून कोऱ्या कापडाचा थर केला आणि त्यावर तिला निजवलं. माझ्याच मागांवरचं कापड होतं ते. आई तिच्या डोक्याशी बसली, मी पायाशी, तिचं तोंड दिसेल असा. टेम्पो निघाला. भरलेली गाडी जड असते, ती उडत नाही, खड्ड्यात नुसती बसते आणि उठते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बिनआवाजाची गाडी म्हणजे बिनधक्क्याची गाडी, असं मी स्वतःच ठरवून बसलो होतो. कोन आलं, गेलं. तिने ओठ हलवून विचारलं, कुठवर आलो? मी तसंच ओठांनी सांगितलं, खाडी आली. टेम्पोच्या आवाजात आईला काही कळलं नाही, आम्हा दोघांनाच कळलं. त्या सगळ्या वाटेवर मी मनातल्या मनात एकच म्हणत होतो, मला शिक्षा कर, बाळाला नको.

दवाखान्यात वीज गेलेली होती आणि खिडकीबाहेर जनरेटर धडधडत होता. बाईंनी तिला लगेच टेबलावर घेतलं. रक्त थांबत आलं होतं. त्यांनी पोटावर जेल लावलं आणि बाळाचे ठोके ऐकवणारं, हातात मावेल असं एक लहानसं यंत्र त्यावर ठेवलं. "ठोके बघू," म्हणाल्या. यंत्र इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, मग एका जागी धरून ठेवलं आणि मान खाली घातली.

मी ऐकू लागलो. जनरेटर होता. त्याच्याशिवाय काहीच नव्हतं.

मी बाईंकडे बघितलं, त्यांचा चेहरा खाली, ओठ दिसेनात. बायकोकडे बघितलं, तिने डोळे मिटून घेतले होते आणि कडेने पाणी ओघळत होतं. आईने पदर तोंडात कोंबला होता आणि ती रडत होती. तिघींपैकी एकीचेही ओठ हलत नव्हते. माणसं चांगल्यासाठीही रडतात आणि वाइटासाठीही, आणि मला त्यातलं कोणतं ते ओळखता येईना. खोलीत आवाज होता की नव्हता, एवढंच मला हवं होतं. ते विचारायचं म्हणजे काय कबूल करायचं हेही मला माहीत होतं. मी टेबलाची कड धरली.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

आणि मग, तिने डोळे उघडले नाहीत म्हणून, पुन्हा मोठ्याने म्हणालो, "अगं, मला ऐकू येत नाही. आहे का काही?"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग माझा तो ग्रीसने माखलेला हात ओढून घेतला, उलटा केला, आणि मनगटावर एका बोटाने टकटक वाजवू लागली. भराभर, न थांबता, मोजता येऊ नये इतक्या वेगाने.

"एवढं जोरात?" मी घाबरून विचारलं.

"एवढंच असतं," ती म्हणाली, आणि वाजवत राहिली.